मागच्या टोपलीतली उत्तरं

गणपतीच्या आरतीनंतर मेधाकाकूंनी मला ताटांच्या रांगेत गाठलं. मेधाकाकू म्हणजे आमच्या, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक. माझ्या ताटात शिरा वाढता वाढता त्यांनी सांगितलं की या वर्षी 'माझं काम' हे सदर मी लिहायचं आहे.

मी म्हटलं, "काकू, ते सदर रिटायर झालेले लोक लिहितात. मागच्या वर्षी एका काकांनी आयुष्यभर बांधलेल्या पुलांवर लिहिलं होतं. माझी नोकरी अजून नीट रुजलेलीसुद्धा नाही."

"रिटायर झालेले सगळे नातवंडं सांभाळायला क्युपर्टिनोला गेलेत," काकू म्हणाल्या. "तूच उरलायस. अजून थोडा घे शिरा."

उरलेला म्हणून माझी निवड झाली, याचं मला वाईट वाटलं नाही. माझी नोकरीच उरलेल्या तुकड्यांवर चालते. पण ती नोकरी काय आहे हे सांगताना मी नेहमी अडखळतो. मंडळात कोणी विचारलं आणि समोरचा 'क्लाउड' किंवा 'डेटा' म्हणाला, की सगळे समाधानाने मान हलवतात. मी 'लिस्प' म्हणतो, म्हणजे कंसांनी भरलेली एक फार जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा. एका काकांनी ते ऐकून विचारलं होतं, "अजून आहे का ती?" गावाकडच्या एखाद्या थकलेल्या आत्याची चौकशी करावी तसं.

आहे. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग करणारी बरीच छोटी वर्कशॉप्स आहेत. आमची कंपनी त्यांच्यासाठी एकच सॉफ्टवेअर करते: लांब सळ्या आणि नळ्या कशा कापायच्या ते सांगणारं. ऑर्डर आली की ते सांगतं, या सळईतून इतके तुकडे निघतील, आणि शेवटी एवढी सळई उरेल, ती रॅकवर ठेवा, पुढच्या ऑर्डरीला कामी येईल. आमचं ऑफिस दातांचा दवाखाना आणि टायरचं दुकान यांच्या मधल्या बैठ्या इमारतीत आहे. पार्किंगमध्ये चुकलेले लोक आमच्याकडे कधी दाढ दुखते म्हणून येतात, कधी पंक्चर झालंय म्हणून. सॉफ्टवेअर हवंय म्हणून चालत आलेलं मी तरी कोणी पाहिलेलं नाही.

हे सॉफ्टवेअर वॉल्ट नावाच्या गृहस्थाने तरुणपणी लिहिलं, आणि ते लिहिण्यासाठी आधी भाषाही स्वतःच लिहिली. म्हणजे ती लिस्पच, पण घरची. जशी प्रत्येक घरची आमटी वेगळी, तशी त्या काळी प्रत्येक दुकानाची लिस्प वेगळी असायची म्हणे. मी शेवटच्या सेमिस्टरचा विद्यार्थी म्हणून तिथे अर्धवेळ लागलो, तेव्हा वॉल्टनेच माझी मुलाखत घेतली.

"तुला लिस्प येते?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"किती?"

"हो," मी पुन्हा म्हणालो.

त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मला घेतलं. का घेतलं हे मी त्याला कधी विचारलं नाही, दुसरं कोणी आलंच नसावं अशी माझी शंका आहे. मला येणारी लिस्प म्हणजे कॉलेजातली एक असाइनमेंट होती, आणि त्यातले कंससुद्धा एका मित्राने जुळवून दिले होते.

हे 'हो' माझं जुनं आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बार्शीला एसटी स्टँडसमोर माझ्या आईवडिलांची रसवंती आहे. आधी पुण्याला आणि मग इथे आलो, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना सगळं आधीच माहीत आहे असं मला वाटायचं. 'कळलं नाही' असं म्हणायची सोय असते आणि त्यावर कोणी परत पाठवत नाही, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून आधी 'हो' म्हणायचं आणि मग घरी जाऊन शोधायचं, अशी पद्धत मी लावून घेतली. परीक्षांपुरती ती चालली.

आता काम काय होतं ते सांगतो. यात थोडं तांत्रिक येईल, पण माझ्या आईला फोनवर जेवढं सांगितलं तेवढंच सांगेन.

प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांना कामं सांगणारी छोटी छोटी माणसं समजा; आम्ही त्यांना फंक्शन म्हणतो. एक विचारतो, दुसरा हिशेब करून उत्तर देतो. वॉल्टच्या लिस्पमध्ये अडचण अशी होती की कोणीही एका वेळी एकच उत्तर देऊ शकायचा. पण शाळेत भागाकार केला की उत्तरं दोन येतात: भागाकार आणि बाकी. सळई कापतानाही तसंच, तुकडे किती आणि उरलं किती. वॉल्टचा प्रोग्रॅम तुकडे सांगायचा, आणि उरलं किती हे विचारायला तोच हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागायचा. दुसऱ्या लिस्पांमध्ये एकाच खेपेत अनेक उत्तरं परत देण्याची सोय कधीपासूनच आहे. आपल्यातही ती घालायची, असं वॉल्ट वर्षानुवर्षं म्हणत आला होता. ते आता माझ्यावर आलं.

ही सोय कशी चालते, ते मला रसवंतीमुळे पटकन समजलं, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. चरकात ऊस घातला की पुढच्या बाजूला रस पडतो आणि मागे टोपलीत चोथा. गिऱ्हाईक रस पिऊन निघून जातं, चोथ्याकडे बघतही नाही. पण म्हैसवाले मामा येतात तेव्हा ते चोथाही मागतात. तसंच इथे. पहिलं उत्तर नेहमीसारखं हातात द्यायचं आणि बाकीची मागच्या टोपलीत टाकायची. ज्याला हवी तो मागेल. न मागणाऱ्याला टोपली आहे हेही कळायचं कारण नाही.

नियम एकच. ज्याच्याकडे एकच उत्तर आहे, त्याने जाताना टोपली रिकामी करून जायचं. नाहीतर पुढचा मागणारा आधीच्या कोणाचा तरी चोथा घेऊन जाईल.

"दोन्हीकडे करायचं," वॉल्ट म्हणाला होता. "इंटरप्रिटर आणि कंपायलर. लक्षात आलं?"

"हो," मी म्हणालो.

इंटरप्रिटर हा दुभाष्यासारखा असतो. तुमच्या शेजारी उभा राहून तो एकेक वाक्य सांगत जातो. सावकाश, पण चुकलं तर तिथेच कळतं. कंपायलर हा भाषांतरकार. तो सगळा मजकूर आधीच घरी बसून यंत्राच्या भाषेत उतरवून देतो, आणि वाचणारा पुढे भरभर वाचतो. आम्ही ऑफिसात इंटरप्रिटरवर काम करतो, कारण लिहिलं की लगेच दिसतं. वर्कशॉपमध्ये मात्र कंपायलरने उतरवलेलं चालतं, कारण करवतीसमोर उभ्या माणसाला वाट बघायला वेळ नसतो.

माझं काय पणाला लागलं होतं, तेही इथेच सांगतो. कंपनी लिंडाची. तिने वडिलांकडून ती घेतली आणि चालू ठेवली. वॉल्ट उन्हाळ्याआधी रिटायर होणार होता. लिंडापुढे दोन वाटा होत्या. एक, ही घरची लिस्प सोडून सगळं बाहेरच्या कंपनीकडून नव्या भाषेत लिहून घ्यायचं. दोन, लिस्प ठेवायची आणि ती सांभाळायला वॉल्टच्या जागी मला पूर्णवेळ घ्यायचं, माझ्या व्हिसाची कागदपत्रं कंपनीने भरायची. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक डार्लीनचं वर्कशॉप. तिथे नवी सोय नीट चालली तर दुसरी वाट, असं लिंडाने स्पष्ट सांगितलं होतं. पहिली वाट झाली तर माझी पदवी हातात आणि मी विमानात.

पप्पांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ते फोनवर विचारायचे, "बरं आहे ना?" मी म्हणायचो, "हो." मागे चरकाच्या घुंगरांचा आवाज चालूच असायचा. आमच्याकडची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, उन्हाळ्याच्या हंगामातली गर्दीची वेळ. पप्पा चरक चालू ठेवूनच बोलतात. ग्राहकाला "लिंबू घालू का?" आणि मला "जेवलास का?" हे एकाच दमात विचारतात, आणि उत्तर पुष्कळदा आम्ही दोघंही "हो" असंच देतो.

इंटरप्रिटरचं काम मजेत झालं. दुभाष्या एकेक वाक्य स्वतः बोलतो, तेव्हा प्रत्येक वाक्यानंतर टोपली बघ असं त्याला एकाच जागी सांगितलं की संपलं. कंपायलरमध्ये जागा पुष्कळ होत्या. मी त्या एकेक करून केल्या. तपासताना मात्र इंटरप्रिटरवरच तपासत राहिलो, कारण तिथे सगळं लगेच दिसत होतं आणि बरोबर दिसत होतं. बरोबर दिसणारी गोष्ट पुन्हा पुन्हा बघण्यात जो आनंद असतो, तो मी भरपूर घेतला. कंपायलरवर एकदा सळई कापून पाहिली, तुकडे बरोबर, बाकी बरोबर. पाठवून दिलं.

मग डार्लीनचा फोन आला. डार्लीन त्या वर्कशॉपची सर्वेसर्वा. तिचा आवाज करवतीच्या वर ऐकू यावा म्हणून घडलेला आहे आणि फोनवरही ती तो कमी करत नाही.

"हनी," ती म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या रॅकवर उरलेल्या नळ्यांचा ढीग आहे. मी रॅकसमोर उभी आहे. इथे नुसती हवा आहे."

"हो," मी म्हणालो.

"हो काय? नळ्यांचे उरलेले तुकडे आम्ही ठेवतच नाही. भंगारात जातात. तुझ्या जन्माआधीपासून जातात."

ते खरं होतं. सळईच्या हिशेबाला उत्तरं दोन, तुकडे आणि बाकी. नळीच्या हिशेबाला उत्तर एकच, तुकडे. नळीची बाकी कोणाला नकोच असते. तरी आमचा प्रोग्रॅम सरसकट सगळ्यांकडे, म्हणजे नळीनंतरही, बाकी मागत होता आणि त्याला कुठूनतरी मिळत होती. नसलेल्या नळ्यांची भुतं रॅकवर चढून बसली होती.

वॉल्ट तेव्हा उत्तरेकडे तळ्यावर मासे धरायला गेला होता. मी इंटरप्रिटरवर पाहिलं, भूत नाही. कंपायलरवर पाहिलं, भूत आहे. मग आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना उपाय केला. प्रोग्रॅम कुठून कुठे जातो हे कळायला मधे मधे काहीतरी छापायला लावायचं. लोक साधारण 'here' असं लिहितात. मी माझ्या सवयीने 'AALA' लिहितो, म्हणजे प्रोग्रॅम इथपर्यंत आला. नळीच्या हिशेबात, शेवटच्या ओळीच्या आधी 'AALA' छापायला लावलं आणि चालवून पाहिलं.

भूत गेलं.

छापायची ओळ काढली, भूत परत. घातली, गेलं. मी ते इतक्या वेळा केलं की टायरच्या दुकानातला माणूस आमच्या खिडकीतून बघायला लागला. का होतंय ते मला अजिबात कळलं नव्हतं. तेवढ्यात लिंडा दारात आली.

"झालं का दुरुस्त? आणि काय झालं होतं नेमकं?"

"हो," मी म्हणालो.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही, आणि ती घाईत होती म्हणून तिनेही ते मागितलं नाही. भूत जात होतं हे खरं होतं. मी छापायची ओळ तशीच ठेवली आणि डार्लीनला नवी आवृत्ती पाठवली. एखाद्याने टेबलावरच्या पंख्याखाली वही ठेवल्यावर पंखा वाजायचा थांबला, म्हणून वही तिथेच ठेवून द्यावी, तसं. पण एवढा विचार करणारा माणूस मी तेव्हा नव्हतो. मी त्या दिवशी स्वतःला बक्षीस म्हणून मोठा पिझ्झा मागवला.

पुढच्या आठवड्यात डार्लीन फोन न करता स्वतःच आली. दातांच्या दवाखान्यात आधी शिरली आणि तिथून चिडून आमच्याकडे. वॉल्ट परतला होता. लिंडाही होती. डार्लीनने टेबलावर नळीचा एक तुकडा ठेवला. त्यावर चिकटवलेल्या लेबलवर वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत AALA असं छापलं होतं.

"ही कुठली ग्रेड?" तिने विचारलं.

मी लेबल पुन्हा वाचलं. वर्कशॉपमध्ये आमचा प्रोग्रॅम जे काही छापतो ते थेट लेबलच्या प्रिंटरवर जातं. ऑफिसात ते पडद्यावर येतं, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पोलादाच्या प्रत्येक ग्रेडला आमच्याकडे रंग असतो," डार्लीन सांगत होती. "नवी ग्रेड आली म्हणून पोरांनी हिला जांभळा दिला. खणाला जांभळा रंग लावला, पाटी लावली. मग क्वालिटीवाला म्हणतो, AALA चं सर्टिफिकेट कुठे आहे? सर्टिफिकेट नाही म्हणून त्याने सगळ्या नळ्या अडवून ठेवल्या. ट्रक रिकामा गेला. मी नळ्या देणाऱ्याला फोन केला. तो म्हणतो असलं पोलाद नसतं. मी त्याच्याशी भांडले, लिंडा. मी त्या माणसाशी माझ्या लग्नाच्या आधीपासून भांडत आलेय, पण हे भांडण मी हरले."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं की AALA ही ग्रेड नाही, माझ्या भाषेतला शब्द आहे, आणि त्याचा अर्थ सांगितला.

वॉल्टने तोंडावर हात ठेवला. त्याचे खांदे हलत होते. लिंडा हसत नव्हती.

"तू म्हणाला होतास की दुरुस्त झालं," ती म्हणाली.

"हो."

"सोमवारी मी डार्लीनच्या वर्कशॉपमध्ये येतेय, पुढचं ठरवायला. तूही ये." एवढं बोलून ती डार्लीनला घेऊन बाहेर गेली. पुढचं म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

वॉल्टने माझ्या शेजारी खुर्ची ओढली. "किड, छापायची ओळ घातल्यावर बग का गेला?"

मी तोंड उघडलं. सवयीचं उत्तर या प्रश्नाला बसत नव्हतं. 'का' ला 'हो' म्हणता येत नाही. "माहीत नाही," मी म्हणालो. त्या ऑफिसात हे मी पहिल्यांदाच म्हणालो होतो. काहीच झालं नाही. वॉल्ट फक्त खुर्चीत नीट बसला.

"छान. मलाही माहीत नाही. आता बघू."

हे वाक्य त्याने मुलाखतीच्या वेळी म्हटलं असतं तर, असं मला अजून वाटतं. पण मी तशी संधी दिली नव्हती.

आम्ही कंपायलरने उतरवलेलं यंत्राच्या भाषेतलं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला बसलो. नळीचा हिशेब अगदी छोटा होता. आधी तो सळईच्या हिशेबाला विचारायचा, तुकडे किती? नळीचं एक टोक यंत्रात धरावं लागतं, म्हणून आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा आणि तो सांगायचा. बस. सळईच्या हिशेबाने नियमाप्रमाणे तुकडे हातात दिले आणि बाकी टोपलीत टाकली. मग एक वजा. आणि नळीचा हिशेब टोपली रिकामी न करता निघून गेला.

"वजाबाकीने का नाही केली रिकामी?" मी विचारलं.

"कारण तिथे वजाबाकी करणारं कोणी नाहीच," वॉल्ट म्हणाला. "एवढ्याशा कामाला माणूस कशाला बोलवायचा? एक वजा करायचं तर कंपायलर जागच्या जागी करतो. हा शॉर्टकट मीच घातलाय. तेव्हा टोपली नव्हती, तेव्हा तो बरोबर होता."

मग मला दिसलं. छापणारा हा नेहमीचा माणूस. तो बोलावला की येतो, छापतो, आणि जाताना नियमाप्रमाणे टोपली रिकामी करून जातो. माझ्या 'AALA' ने काही शोधलं नव्हतं. तो येऊन जाता जाता झाडू मारून जात होता. आणि दुभाष्याला असले शॉर्टकट माहीतच नसतात, म्हणून इंटरप्रिटरवर भूत कधी दिसलं नाही.

"तू मला कधी विचारलं नाहीस की शॉर्टकट कुठे कुठे आहेत," वॉल्ट म्हणाला.

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"मी विचारलं होतं, लक्षात आलं का. तू हो म्हणालास. तू एकच उत्तर परत देणारं फंक्शन आहेस, किड. आणि ते उत्तरही आधीच ठरलेलं."

दुरुस्ती छोटी होती. कोणत्याही हिशेबाचं शेवटचं काम शॉर्टकटने होत असेल, तर दारातून बाहेर पडताना कंपायलरने टोपली रिकामी करायची सूचना घालायची. ती मी घातली. त्याहून जास्त वेळ मी असले सगळे शॉर्टकट शोधून प्रत्येकावर मुद्दाम भूत आणून पाहण्यात घालवला. जुन्या आवृत्तीत यायला हवं, नव्यात यायला नको. छापायची ओळ काढून टाकली. वॉल्ट शेजारी बसून सँडविच खात होता आणि अधूनमधून "तिथेही एक आहे बघ" म्हणत होता. मी दर वेळी विचारत होतो, "तिथे का?" त्याला कंटाळा येईल असं मला वाटलं होतं. त्याला बोलायचंच होतं असं दिसलं.

सोमवारी डार्लीनच्या वर्कशॉपमध्ये लिंडाने दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले, डार्लीनसमोर. "झालं का दुरुस्त? आणि काय झालं होतं?"

"हो," मी म्हणालो, आणि लिंडाचा चेहरा बघून लगेच पुढे म्हणालो, "आणि गेल्या वेळी हो म्हणालो तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. आता माहीत आहे. दाखवू का?"

"दाखव," डार्लीन म्हणाली. "माझ्याकडे नळ्या अडकल्यात, मला वेळच वेळ आहे."

मी तिथल्याच यंत्रावर जुनी आवृत्ती चालवली. सळई, मग नळी, आणि भूत उभं राहिलं. नवी चालवली, आलं नाही. डार्लीनने हाताची घडी सोडली नाही. "हे मला दिसलं. आता समजेल असं सांग."

कंपायलर, शॉर्टकट हे शब्द तिच्या तोंडावरून ओघळून जाताना मला दिसत होते. मग मी रसवंतीचं सांगितलं. पुढे रस, मागे टोपली, टोपलीत आधीच्याचा चोथा. सांगता सांगता तोंडून निघून गेलं की ही रसवंती माझ्या वडिलांची आहे. इथे कोणाला मी हे सांगितलं नव्हतं. मंडळातही वडील काय करतात या प्रश्नाला मी 'बिझनेस' एवढंच म्हणत आलोय. या अंकामुळे आता सगळ्यांना कळेल.

डार्लीनने घडी सोडली. "रोलर किती? दोन की तीन?"

"तीन."

"मोटर किती हॉर्सपॉवरची?"

आयुष्यभर त्या चरकाशेजारी बसून अभ्यास केलेल्या मला ते ठाऊक नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो. "विचारून सांगतो."

"विचार," ती म्हणाली. मग लिंडाकडे वळून, "नव्या भाषेवाल्या कंपनीत चुकलं तर मी कोणाला ओरडणार? फोन होल्डवर ठेवल्यावर वाजणाऱ्या गाण्याला? हा निदान येऊन उभा राहतो."

लिंडाने गाडीत बसल्यावर सांगितलं की लिस्प राहणार आणि मीही. कागदपत्रं ती वकिलाकडे पाठवेल. "आणि सागर, यापुढे मी दोन प्रश्न विचारले तर दोन उत्तरं."

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, कळलं. आणि थँक यू."

वॉल्ट ठरल्याप्रमाणे रिटायर झाला आणि तळ्यावर राहायला गेला. फोन करतो, पण माशांबद्दलच जास्त बोलतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्याने मला पुष्कळ काही सांगायचा प्रयत्न केला आणि मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणून ती संपवून टाकली. त्यातलं बरंचसं आता मी त्याच्या जुन्या कोडमध्ये एकटा शोधत बसतो. कधी सापडतं, कधी नाही. डार्लीनकडचा जांभळा खण अजून आहे. नेमकं कुठे ठेवायचं हे कोणालाच कळत नाही असले तुकडे त्यात ठेवतात. मागे गेलो तेव्हा एका नव्या कामगाराने मला बजावलं की AALA ला हात लावू नका, ते स्पेशल मटेरियल आहे.

हे झालं माझं काम. पण त्या सोमवारनंतरची एक गोष्ट राहिली. मंगळवारी सकाळी मी पप्पांना फोन केला. नेहमीसारखी घुंगरं वाजत होती.

"बरं आहे ना?" पप्पांनी विचारलं.

"हो. पप्पा, आपल्या चरकाची मोटर कितीची आहे?"

"दोनची. का रे? कोण विचारतंय?"

"इथल्या एक बाई. त्यांचं वर्कशॉप आहे."

"त्यांना घ्यायचाय का चरक?" मग गिऱ्हाइकाला, "बर्फ घालू का?" मग मला, "बरं, जेवलास का?"

"हो," मी म्हणालो. तिथेच फोन संपतो एरवी. "आणि पप्पा, काल नोकरी जाता जाता राहिली. परत यावं लागलं असतं. बरेच दिवस चाललं होतं."

पप्पांनी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

"रोज विचारतो की, बरं आहे ना म्हणून."

"त्याचं उत्तर मी देत होतो."

पप्पांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. आईला हाक मारली, गल्ल्यावर बस म्हणाले.

"आता विचारतोय," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

मी सुरुवात करणार तेवढ्यात घुंगरांचा आवाज हळूहळू मंदावत गेला आणि थांबला. पप्पांनी चरक बंद केला होता.